लांब बाह्यांचा कोट

मी एक काळा कोट बोलतोय. जन्म जालन्याचा, निजामी अमदानीतला. कारकून मार्तंडरावांसाठी मला शिवलं होतं. पुढं त्यांचं पोट वाढलं, माझी बटणं लागेनात, आणि मी केदारखेड्याच्या कडूबाच्या अंगावर आलो.

कडूबाची अडचण वेगळी होती. त्याच्या दोन्ही हातांवर कोड होतं. गावात त्याच्या हातचं पाणी कुणी घेईना, म्हणून तो जालन्याला काम शोधायला आला. भर उन्हाळ्यातही तो माझी सगळी बटणं लावी. लोक म्हणत, "काय रुबाब हाय."

बद्रीनाथशेठच्या कापडदुकानात नोकर हवा होता. शेठनं त्याला प्रेमानं बसवून घेतलं.

"आपल्याकडं दिखावा बिलकुल चालत न्हाई," शेठ म्हणाले. बोलताना त्यांच्या मिशांचा कलप घामानं ओठांवर उतरत होता. "माणूस आतून-बाहेरून एक पाहिजे. जसे असाल तसे या."

इतकं चांगलं त्याच्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. कडूबानं मला काढून मांडीवर ठेवलं.

शेठनं त्या हातांकडं पाहिलं. "तुमचा खरेपणा फार आवडला आपल्याला. उद्यापासून या. फक्त हा कोट काढत जाऊ नका."

कडूबानं रामराम केला आणि तो पुन्हा तिकडं फिरकला नाही. मला वाईट वाटलं. एवढ्या मानाची नोकरी मला कुणी दिली नव्हती.

पुढं चतुराबाईच्या खाणावळीत वाढप्या हवा असल्याचं कळलं. तिथं मी खांद्यावर होतो. कडूबानं दारातूनच हात पुढं केले.

"मावशी, हे असं हाय. झाकायला लावणार असाल तर आत्ताच सांगा. मी दुसरीकडं पाहतो."

चतुराबाई भाकरी थापत होती. "दुसऱ्याला लागतं का हे?"

"न्हाई."

"मंग हात धू अन् पंगतीला लाग, जल्दी. कोट खुंटीला ठेव, बाह्या आमटीत बुडतील."

पहिल्याच पंगतीत दोघे ताटावरून उठले. कडूबा आत आला. त्याचा हात माझ्याकडं वळला. बाहेर चतुराबाई शांतपणे सांगत होती, "उठायचं त्यानं उठावं. वाढणारा हाच राहील."

कडूबानं ते ऐकलं. मग त्यानं मला खुंटीवरून ओढलं, चुलीवरचं आमटीचं पातेलं माझ्या बाह्यांनी धरून उतरवलं आणि उघड्या हातांनी वाढायला गेला.

तेव्हापासून मी हेच काम करतो. एक बाही करपली आहे, दुसरी हळदीनं पिवळी झाली आहे. कुणाला नोकरी मागायला जाताना मी हवा असेन, तर माफ करा. मला इथून सुटी मिळत नाही.