कोपराने उघडणारी पेटी

मित्रांनो, मी औषधांची एक जुनी लाकडी पेटी. गरिबांसाठी एका संस्थेने चालवलेल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात, तपासणीच्या टेबलाशेजारी, भिंतीवर माझं बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड कसलं, कोठडीच म्हणा. पोट भरलेलं असलं की पेटीला काय कमी, असं तुम्हाला वाटेल. पण माझं दुःख त्या भरल्या पोटाचंच आहे.

मला एका सुताराने घडवलं. त्याच्या आईच्या पायाची जखम इथल्या सिस्टरने दोन महिने रोज धुतली होती, त्याची फेड म्हणून. मापं घेताना त्याने विचारलं, "सिस्टर, दार कसं पाहिजे?"

"कसंही करा हो दादा. माझे दोन्ही हात कायम अडकलेले असतात, तेवढं बघा."

"मग कोपराने उघडेल असंच करतो," तो म्हणाला. बिजागऱ्यांशी तीन दिवस झटून त्याने मला काचेचं दार बसवलं. त्याला कडी नव्हती, खिट्टी नव्हती. कडेला कोपर लागलं की दार अलगद उघडायचं. सहा वर्षं मी दिवसातून शंभरदा उघडले आणि मिटले. पेशंट मला सिस्टरचा तिसरा हात म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मी फुशारून जायचे.

मग दमेकऱ्यांना औषधाची वाफ देणारं यंत्र आलं. संस्थेच्या चिटणीसकाकांनी त्यासाठी दारोदार चपला झिजवल्या होत्या. त्यांनी ते पांढरंशुभ्र यंत्र माझ्या मधल्या फळीवर ठेवलं, रुमालाने पुसलं, आणि दुसऱ्याच दिवशी कडी-कोयंडा आणून माझ्या अंगात चार स्क्रू पिळले. वर कुलूप. किल्ली गेली काकांच्या खिशात, आणि रोजची औषधं गेली टेबलावरच्या ट्रेमध्ये. पाहुणे आले की मला उघडायचे, यंत्राबरोबर फोटो काढायचे आणि पुन्हा कोंडायचे. दोन वर्षांत त्या यंत्राने एकाही माणसाला वाफ दिली नाही.

"काका, पेशंट रोज येतात. किल्ली माझ्याकडे ठेवा ना," सिस्टर म्हणायची.

"अहो, देणगीची वस्तू आहे. बिघडली तर दुसरी कोण देणार?"

"आणि माणूस बिघडलं तर?"

काका हसून विषय बदलायचे.

एका दुपारी इस्त्रीवाल्या मावशीला तिच्या सुनेने धरून आणलं. मावशीचे ओठ निळे पडले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण हवा काही आत जात नव्हती. काका परगावी लग्नाला गेलेले. सिस्टरने फोन लावला. "संध्याकाळच्या गाडीने येतोच," पलीकडून उत्तर आलं. मावशी संध्याकाळपर्यंत कुठली थांबते! तिचा श्वास माझ्या पोटात होता, हातभर अंतरावर. मी सगळं बळ एकवटलं, पण कुलूप काही पेटीचं ऐकत नाही. मला माझीच लाज वाटली.

सिस्टरने कोपराला टॉवेल गुंडाळला. "सूनबाई, मागे सरका," ती म्हणाली, आणि माझी काच खळ्ळकन फुटली. मित्रांनो, इतका आनंद मला कधी झाला नव्हता. यंत्र घरघरलं. दहा मिनिटांनी मावशीच्या ओठांवर रंग आला. तिने डोळे उघडून पहिलं काय विचारावं? "अगं, इस्त्री बंद करून आलीस ना?" सून रडता रडता हसायला लागली.

काका रात्री परतले, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. आधी मावशीच्या घरी जाऊन तिची चौकशी करून आले, हे मी सांगायलाच हवं. मग माझ्या फुटक्या दारापुढे उभे राहिले. "उद्या कुणी यंत्र उचलून नेलं, तर मी लोकांना काय तोंड दाखवू?" असं पुटपुटले. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. पण त्या भीतीपायी त्यांनी काचेच्या जागी जाड पत्रा ठोकून घेतला. वर दुप्पट मोठं कुलूप लावलं.

आता मला काही दिसत नाही. आत अंधार आहे, यंत्र आहे, आणि बाहेरून खोकले ऐकू येतात. सिस्टरने किल्ली मागणं सोडून दिलं आहे. तिने टेबलाच्या खणात एक हातोडी आणून ठेवली आहे.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही खिशात अशा किल्ल्या येतील. वस्तू जरूर जपा, पण ज्यांच्यासाठी त्या आणल्या, त्यांच्यापासूनच जपून ठेवू नका.

बाहेर बाकावर मावशीचा खोकला पुन्हा सुरू झाला आहे. आत्ताच खण ओढल्याचा आवाज आला. सिस्टर, जोरात मारा हो. माझा विचार करू नका.