काळ्या पट्टीखालचा बुडबुडा

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. बागेला पाणी घालायची नव्हे, लेव्हल बघायची. करंगळीएवढी जाड, चाळीस फूट लांब आणि एके काळी काचेसारखी आरपार. आता उन्हाने पिवळी पडले आहे आणि हातभर आखूडही झाले आहे. तो हातभर तुकडा का कापला गेला, तेच आज सांगायचे आहे. ही माझी फुशारकी नाही, कबुली आहे. म्हणून जरा कान देऊन ऐका.

माझे काम तसे सोपे. माझ्यात पाणी भरायचे आणि दोन्ही तोंडे दोन खुंट्यांपाशी वर धरायची. मधे खड्डा असो, भिंत असो, झाड असो, दोन्ही तोंडांशी पाणी एकाच उंचीवर येऊन थांबते. तिथे खूण करायची. देवाने पाण्याला एकच व्रत दिले आहे, समान राहण्याचे, आणि पाणी ते कधी मोडत नाही. थोराच्या अंगणात ते चढून बसत नाही, गरिबाच्या अंगणात दबून राहत नाही. मी आपली पोकळ. पण पोकळ आहे म्हणून तर त्याला वाट देते!

माझे धनी गोल्फच्या मैदानावर हिरवळ राखायचे. या खेळात चेंडू शेवटी ज्या खळगीत घालायचा, तिच्याभोवती गालिच्यासारखे तासलेले गवत असते. त्याला ग्रीन म्हणतात. ग्रीनखाली पाणी साचले की मुळे कुजतात. म्हणून जमिनीत भोके पाडलेले पाइप पुरून ते पाणी बाहेर काढावे लागते. पाइपाला ढाळ हवा, आणि तो किती झाला हे मी दाखवायचे. एकतीस वर्षे आम्ही दोघांनी हेच केले.

एकदा धन्यांचेच फावडे माझ्या एका तोंडापासून हातभर अंतरावर बसले आणि माझे दोन तुकडे झाले. ते हळहळले. मग आत बोटभर पितळी जोडनळी घालून त्यांनी मला सांधले, वरून काळी पट्टी गुंडाळली आणि म्हणाले, "हा माझा तिसरा हात आहे. हिला टाकायची नाही." मित्रांनो, त्या पट्टीचा मला केवढा गर्व! गोदामातल्या कोऱ्या नळ्यांसमोर मी ती दागिन्यासारखी मिरवत असे.

धन्यांची एक रीत होती. मोजणीआधी ते माझी दोन्ही तोंडे शेजारी शेजारी धरत. दोन्हीकडे पाणी सारखे दिसले, तरच कामाला लागत. याला ते 'तोंडे जुळवणे' म्हणत. काम अर्ध्या मिनिटाचे. बरोबरचे गडी चेष्टा करत, "काका, नळीला विचारून झालं का?" धनी शांतपणे म्हणत, "विचारल्याशिवाय ती सांगत नाही रे."

मग धनी निवृत्त झाले आणि मी त्यांच्याबरोबर घरी आले. वर्षभरात त्यांची डावी बाजू जवळजवळ लुळी पडली. मला कोणीतरी टाकीमागच्या खिळ्यावर अडकवले. दोन वर्षे ऊन, धूळ, कोळ्याची जाळी. कोणी विचारले नाही. मी तरी कोणाला काय सांगणार?

घरात धनी, त्यांची मुलगी आणि धन्यांची धाकटी बहीण एवढीच माणसे. मुलगी नळकाम करते. हातात पाना घेतला की वाघीण! बहिणीला मुलगी आत्या म्हणते आणि धनी म्हणतात 'चिमे'. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावले होते की यांनी दिवसातून वीस वेळा उभे राहिले पाहिजे, नाहीतर उजवा पायही आळसावेल. पण धनी कशासाठीच उठत नसत. जेवणासाठी नाही, फिरण्यासाठी नाही. मुलीने एकदा त्यांच्या हातात पटर दिला. पटर म्हणजे चेंडू हलकेच ढकलायची काठी. तो घेऊन मात्र ते चटकन उभे राहिले! तेव्हा तिने ठरवले, परसात ग्रीन करायचे.

पहिले ग्रीन पावसात बुडाले. दुसरे कुजले. मागच्या चढाचे सगळे पाणी परसातच उतरत होते आणि खाली घट्ट चिकणमाती. दुसऱ्या खेपेला धन्यांनी पटर भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "अजून एकदा करून बघ पोरी. पण हेही बुडालं, तर ही काठी कोणाला तरी देऊन टाक. मी खाटेवरच बरा."

त्या दिवसापासून पटर त्या भिंतीलाच होता. तिसऱ्या ग्रीनवर काय टांगले होते, ते आता तुम्हाला कळले असेल.

या वेळी मुलीने नीट बेत केला. ग्रीनपासून कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यापर्यंत वीस फुटांचा चर. दर दहा फुटांना एक इंच, म्हणजे एकूण दोन इंच ढाळ. गवताच्या चटया सकाळीच दारात येऊन पडल्या होत्या. त्या दिवशीच अंथरायला हव्या होत्या, नाहीतर गुंडाळीतच पिवळ्या पडल्या असत्या. आणि आभाळ भरून येत होते.

तिने मला खिळ्यावरून ओढले, झटकले, पाणी भरले. घाईत भरले. त्या घाईत हवेचा एक बुडबुडा माझ्या पितळी सांध्यात शिरला. तो सांधा आतून अरुंद, त्यामुळे बुडबुडा तिथेच अडकून बसला, चांगला अडीच इंच लांब. मी पिवळी असले तरी इतर कुठे तो दिसला असता. पण तो बसला होता काळ्या पट्टीखाली. जिचा मला गर्व, तिच्याच आड!

सांध्याकडचे तोंड तिने शोषखड्ड्याच्या खुंटीपाशी धरले. पाण्याच्या त्या उभ्या रांगेत हवा शिरली की रांग हलकी होते आणि पाणी उगाच वर चढते. तिथे ते खऱ्या पातळीहून अडीच इंच वर थांबले. मला कळत होते. ओरडावेसे वाटत होते. पण मित्रांनो, नळीला दोन तोंडे असली तरी आवाज नसतो.

मागच्या दारात धनी खुर्चीवर बसले होते. त्यांनी विचारले, "तोंडं जुळवलीस का गं?"

"हो बाबा," मुलगी म्हणाली.

जुळवली नव्हती.

तिने त्या खोट्या खुणेपासून मोजून चर खणला. दोन इंच ढाळ तर गेलाच, वर अर्धा इंच उलटा चढ झाला. म्हणजे पाणी शोषखड्ड्याकडे न जाता ग्रीनकडेच येणार. तळाशी जाळीदार कापड, त्यावर खडीचा थर, त्यावर भोकांचा पाइप. सगळे दिसायला कसे सुबक! आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, एवढ्या खटपटीत भाजी लावली असतीस तर खाता तरी आली असती. गवत काय, गाढवही उभ्या उभ्या संपवतं."

"तू आहेस ना दारात, मग दुसऱ्या गाढवाची काय बिशाद," धनी म्हणाले.

आत्या हसली, पण तिचे डोळे आभाळाकडे होते. ढग आता चढाच्या माथ्यापर्यंत उतरला होता. मुलगी चटया आणायला पुढच्या दारी गेली. पाइप पुरायला फक्त वरची खडी उरली होती. एकदा ती पडली की संपले, मग कोणाला काही दिसणार नव्हते. तोंडांना बुचे लावलेली मी चराच्या कडेला वेटोळे होऊन पडले होते.

तेवढ्यात धनी म्हणाले, "चिमे, मला उठव."

"कशाला? बैस गप."

"उठव म्हणतो ना. आणि ती भिंतीची काठी दे."

आत्याच्या खांद्यावर डावा हात टाकून ते चरापर्यंत आले. सात पावले. कडेची माती पायाखाली ढासळत होती. आत्याने डोळे मिटून देवाचे नाव घेतले. धन्यांनी खिशातून गोल्फचा चेंडू काढून चरात टाकला आणि वाकून, काठी लांबवून, तो पाइपाच्या तोंडात ढकलला.

गडगड गडगड करत चेंडू आत गेला. मग आवाज मंद झाला. मग थांबला.

आत्या म्हणाली, "पोचला वाटतं."

पाइपात पुन्हा बारीक गडगड सुरू झाली. या वेळी ती जवळ येत होती. चेंडू पाइपातून बाहेर आला आणि धन्यांच्या पायाखालच्या खडीवर येऊन थांबला.

मुलगी खांद्यावर चटई घेऊन आली ती चेंडूकडे बघतच उभी राहिली. चटई तिच्या खांद्यावरून घसरली.

"बाबा, मी तोंडं जुळवली नाहीत. मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"हो म्हणालीस तेव्हा नळीकडे बघितलं नाहीस. ढगाकडे बघितलंस."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, आता धनी काठी देऊन टाकणार आणि खाट धरणार. पण ते म्हणाले, "रडायला पाऊस आहे. तू पाइप उचल. चिमे, मला खुर्ची इथे आणून दे. आणि ती नळी आण इकडे."

माझी दोन्ही तोंडे शेजारी आली. दोन वर्षांनी कोणीतरी मला विचारले! एकीकडचे पाणी अडीच इंच वर. धन्यांनी काळ्या पट्टीवर अंगठा फिरवला. त्यांच्याच हाताने गुंडाळलेली. 

"काप," ते म्हणाले.

मुलीने पट्टीसकट, पितळेसकट तो हातभर तुकडा कापून टाकला. मी भळभळा वाहिले. मग तिने मला पुन्हा भरले, या वेळी सावकाश, बादलीतून धार लावून. पुन्हा तोंडे जुळवली. सारखी!

वरच्या खुंटीपाशी मला कोणी धरायचे? आत्याच्या हातात फावडे, मुलगी खालच्या टोकाला. धन्यांनी मला धरले, डाव्या हाताने. उजव्या हाताने ते खुर्चीला धरून उभे होते. तो डावा हात थरथरत होता, म्हणून मी थरथरत होते, म्हणून पाणी वरखाली होत होते. आणि ते स्थिर झाल्याशिवाय खूण करता येत नव्हती. तिघेही थांबली. ढग मात्र थांबत नव्हता. पहिला थेंब माझ्या पाठीवर पडला.

"बाबा, मी येऊ का तिकडे?"

"नको. थांबतंय. थांबतंय ते."

हात हळूहळू निवळला, तसे पाणीही निवळले. मुलीने खूण केली.

मग जी धांदल उडाली! खालच्या टोकाला अडीच इंच खोल, वर येता येता कमी. आत्याने पदर खोचून खडी उपसली आणि पुन्हा भरली. "गाढव म्हणालास ना मला, आता बघ ओझं कसं वाहते!" पाइप बसला, खडी पडली, कापड मिटले, वाळू पसरली. चेंडू टाकून बघायला वेळच उरला नाही. सगळा भरवसा माझ्यावर होता. शेवटची चटई अंथरताना पाऊस कोसळला आणि तिघांनी मागचे दार गाठले. धन्यांना दोघींनी खुर्चीसकट उचलले. मी मुलीच्या गळ्यात होते, हारासारखी.

दारातून शोषखड्ड्यात उघडणारे पाइपाचे तोंड दिसत होते. कोरडे. चढावरून पाणी उतरू लागले. ग्रीनवर चकाकी आली, मग डबके झाले. डबके वाढू लागले. पाइप कोरडाच.

"वेळ लागतो," मुलगी म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

डबक्याने पहिली चटई झाकली. धन्यांचे ओठ घट्ट मिटलेले. देवा, मी मनात म्हटले, या माणसाने एकतीस वर्षे मला खरे मानले. आज तेवढे खरे ठेव.

आणि पाइपाने खाकरल्यासारखा आवाज केला. गढूळ पाण्याची एक गुळणी टाकली. मग बारीक धार. मग मनगटाएवढी. बघता बघता धार निवळली आणि डबके चटईवरून आपोआप सरकू लागले, जणू कोणी चादर ओढून घेत आहे.

"आलं गं बाई, आलं!" आत्या ओरडली. मुलीने आनंदाने मागे वळून पाहिले. खुर्ची रिकामी होती. धनी चौकटीला धरून उभे होते. कधी उठले, कोणालाच कळले नाही. त्यांना तर नाहीच.

आता ते रोज उठतात. सकाळी आठ-दहा वेळा, संध्याकाळी चेंडू खळगीत पडेपर्यंत. आत्या मोजते आणि मोजता मोजता टोमणेही मारते. मी घरातल्या सावलीत खुंटीवर असते. मुलगी कामाला निघताना मला पिशवीत घालते, आणि मोजणीआधी माझी तोंडे जुळवते. दुसऱ्या कामगारांनी हसून पाहिले तरीही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना उन्हात टाकू नका, एवढे तर मी मागेनच. पण आणखी एक मागते. आमच्यावर प्रेम आहे म्हणून आमच्यावर डोळे मिटून विसंबूही नका. आधी विचारा. माझ्या पोटात काय दडले आहे, ते मला सांगता येत नाही. आणि कोणी तुम्हाला 'तोंडं जुळवलीस का?' असे विचारले, तर ढगाकडे बघू नका.

माझा तो कापलेला तुकडा, काळी पट्टी आणि पितळी सांध्यासकट, धन्यांनी चेंडूशेजारी फळीवर ठेवला आहे. मला आता त्याची आठवण येत नाही. हातभर कमी आहे मी. पण पाणी माझ्यातून जाताना कुठे अडत नाही.