आईला उठवा

मालिकेत तिला सगळे आई म्हणत, आणि मालिकेबाहेरही. भाजीवाला म्हणे, दाताचा डॉक्टर म्हणे, वरच्या मजल्यावरचे वकील तर तिच्याहून वयाने मोठे, तेही म्हणत. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पण रस्त्यात पाय टाकला की अर्धं शहर तिचं लेकरू व्हायचं.

सुरुवातीची वर्षं ही आई मालिकेतल्या घरात वाऱ्यासारखी फिरायची. सुनांना धाक दाखवायची, मुलांचे कान उपटायची, एकदा तर दारात आलेल्या गुंडाला तिने झाडूने पिटाळलं होतं. मग तिच्या खऱ्या नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन निघालं. नवरा शाळेत कवायत शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. तिने निर्मात्याकडे रजा मागितली.

"अवश्य घ्या," निर्माता म्हणाला. "नवऱ्यापुढे मालिका काय घेऊन बसलात?"

तिला भरून आलं. माणूस चांगला आहे, असं तिने घरी येऊन दहादा सांगितलं. मास्तर हिंडूफिरू लागल्यावर ती कामावर परतली, तर सेटच्या दिवाणखान्यात मधोमध एक पलंग मांडलेला. मालिकेतल्या आईला पक्षाघाताचा झटका आला होता. हात हलत नव्हते, वाचा गेली होती, फक्त डोळे जिवंत होते.

"थोडे दिवस," निर्माता म्हणाला. "लेखकाला काहीतरी सुचेपर्यंत."

लेखकाला काही सुचलं नाही. कारण झालं भलतंच, टीआरपी वाढला. आई कुणाला काही सांगू शकत नाही म्हटल्यावर घरातला एकेक जण तिच्या उशाशी बसून आपलं पाप ओकून जाऊ लागला. थोरल्याने अफरातफर केली ती तिला सांगितली, धाकटीने प्रेमप्रकरण सांगितलं, दिराने तर खून सांगितला. आई डोळ्यांतून पाणी काढायची आणि लोक घरोघरी पदर ओले करायचे. "लोकांना तुम्ही आडव्याच जास्त आवडता," असं निर्माता तिला कौतुकाने सांगायचा.

अशी सहा वर्षं गेली.

बाहेरच्याला वाटेल, झोपून राहायचं काम, याहून सुख ते काय? पण दिव्यांखाली गळ्यापर्यंत चादर ओढून पडून बघावं. नाकावर माशी बसली तरी नाक हलवायचं नाही. शॉट संपला तरी उठायचं नाही, कारण "चादरीच्या घड्या बदलतात, आई." दुसऱ्याचा क्लोजअप असला तरी तिने तिथे असायचंच. सेटला छत नव्हतं; वर दिव्यांच्या रांगा आणि फळीवर पाय सोडून बसलेला दिवेवाला. त्याच्या चपलेचा तळ तिला स्वतःच्या तळहातापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. करार होता तो मालिका संपेपर्यंतचा. मधे सुटून दुसरीकडे काम मिळावं म्हणून तिने चार ठिकाणी विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच: तुमचा चेहरा आता त्या पलंगाचा झालाय.

घरी आली की पाय कापसाचे. मास्तर तिला खोलीच्या मधे उभं करून ओरडायचे, "डावा पाय वर! गुडघा ताठ! अगं, शाळेतली पोरं बरी तुझ्यापेक्षा!"

आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत निर्मात्याने सगळ्यांना गोळा केलं. वाहिनीला नवे साहेब आले होते. त्यांना मालिकेच्या वेळेला गाण्याची स्पर्धा हवी होती. मालिका महिन्याभरात बंद.

कपडेपट सांभाळणारा म्हातारा मटकन खाली बसला. मालिकेतली मुलं-सुना फोन काढून कोपरे धरून उभी राहिली. ती मात्र पलंगावरच होती. तिला उठायला कुणी सांगितलंच नव्हतं. मेकअपवाली जवळ आली आणि थबकली.

"आई, तुम्ही हसताय?"

"गप. चादर ओढ माझ्या तोंडावर."

त्याच संध्याकाळी तिने आपल्या जुन्या मित्राला, एका नाटक बसवणाऱ्याला फोन केला. तो कधीपासून मागे लागला होता. त्याच्या नाटकात एक घरमालकीण होती, पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत रंगमंचावर, आणि तिला बसायला कुणी खुर्ची देत नाही हीच त्यातली गंमत.

"उभं राहावं लागेल हं," तो म्हणाला.

"अरे, मला तेवढंच करायचंय."

मास्तरांनी त्या दिवशी कवायत माफ केली.

मालिका बंद होतेय ही बातमी फुटली आणि लोक खवळले. वाहिनीच्या कार्यालयात फोन खाली ठेवायला उसंत उरली नाही. एका केशकर्तनालयाने निषेध म्हणून दिवसभर दुकान बंद ठेवलं. लोक वाढल्या दाढीने हिंडले. इस्पितळातल्या परिचारिकांनी सह्या गोळा केल्या. गंमत अशी की मालिका चालूच ठेवा, असं फारसं कुणी म्हणत नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं एकच: बंद करायची तर करा, पण आधी आईला उठवा. तसे फलक झाले, गाड्यांच्या काचांवर स्टिकर लागले. बातम्यांमध्ये मेंदूचा एक डॉक्टर येऊन, असे रोगी बरे होऊ शकतात, हे हातवारे करून समजावून गेला.

भाजीवाल्याने टोमॅटो तोलता तोलता विचारलं, "आई, तुम्ही उठणार ना हो?"

"मी उभीच आहे की."

"तसं नाही हो!" तो चिडून म्हणाला.

आठवडाभराने निर्माता फुलांचा गुच्छ घेऊन घरी आला. चेहरा लग्नघरासारखा. "आई, वाचलो! साहेब नमले. मालिका चालू राहणार."

ती दारातच उभी होती. तिने चौकट धरली. "किती दिवस?"

"लोकांची इच्छा आहे तोवर."

"आणि मी उठणार कधी?"

"उठलात की संपलं ना सगळं! ती आस आहे म्हणून तर लोक बघतायत."

मास्तर आतून आले. "म्हणजे लोक ओरडतायत तिला उठवा, आणि म्हणून तुम्ही तिला झोपवून ठेवणार?"

"अगदी बरोबर पकडलंत, मास्तर," निर्माता मनापासून म्हणाला. त्याला यात काही वावगं दिसतच नव्हतं. करार मालिका संपेपर्यंतचा होता, आणि मालिका काही संपली नव्हती. गुच्छ टेबलावर ठेवून तो गेला.

तिने नाटकवाल्याला फोन लावला. थांबशील का, विचारलं. तो म्हणाला, "तारखा घेऊन बसलोय गं. मला दुसरी कुणी बघावी लागेल."

पुन्हा चादर, पुन्हा घड्या. आता तर स्टुडिओच्या फाटकाशी रोज गर्दी असायची. "आई, उठा!" असं लोक गाडीच्या काचेवर थापा मारून सांगायचे, आणि ती आत जाऊन झोपायची.

त्या गर्दीत मागे एक बाई उभी असे. ती ना सही मागायची, ना फोटो. एकदा गर्दी पांगल्यावर ती पुढे आली. तिच्या बाह्यांना पीठ लागलेलं होतं. तिची बेकरी होती, दोन रस्ते पलीकडे.

"माझी आई तुमच्यासारखीच आहे," ती म्हणाली. "म्हणजे, खरोखरची. रोज तुम्हाला बघते. एकदा याल?"

कुणाच्या घरी जायचं नाही, असा नटीने नियम केला होता. पण "खरोखरची" हा शब्द तिला टोचला. ती गेली.

बेकरीच्या मागे एक लहानशी खोली होती. भट्टीला लागून असलेली भिंत ऊबदार, तिला टेकून पलंग. समोर टीव्ही. दुकानातली ये-जा दिसावी म्हणून दाराजवळ एक आरसा तिरका टांगलेला. पलंगावर म्हातारी, अर्धा चेहरा ओघळलेला, डोळे मात्र टक्क.

"आई, बघ कोण आलंय."

म्हातारीने तिला डोक्यापासून न्याहाळायला सुरुवात केली. नजर सावकाश खाली उतरली आणि पायांवर येऊन थांबली. नटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईचं दुखणं आपण सोंग म्हणून पांघरतो, आणि हिच्यासमोर धडधाकट उभे आहोत. ती स्टुलावर बसली आणि जे खरं होतं तेच सांगू लागली. नाकावरची माशी. पाठीला सुटलेली खाज. आणि उशाशी बसून पापं सांगणारी माणसं, ज्यांच्या तोंडाला लसणाचा वास येतो.

म्हातारीच्या घशातून खरखर आली. लेक घाबरून धावली आणि मग चकित होऊन उभी राहिली. म्हातारी हसत होती.

"आमच्याकडे मामा येतो," बेकरीवाली म्हणाली. "तासभर रडतो. ही डोळे मिटून घेते, झोप लागली असं दाखवते."

"मला तेही करता येत नाही," नटी म्हणाली. "डोळे उघडे ठेवायचे पैसे मिळतात मला."

मग मालिका बंद होणार होती ते, नाटक हातचं गेलं ते, सगळं तिने सांगितलं. हे मास्तरांशिवाय कुणाशी बोलली नव्हती. निघायला उठली तेव्हा म्हातारीने डाव्या, चालत्या हाताने तिचं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट. ओठ हलू लागले. लेक वाकली. पाणी आणि नको, एवढे दोनच शब्द म्हातारीला उरले होते.

"कळ? कळ येतेय का, आई? पाठीत?"

म्हातारीने रागाने मान हलवली. सगळा जीव ओठांत आणून पुन्हा म्हणाली. या वेळी दोघींनाही नीट ऐकू आलं.

"पळ."

दुसऱ्या दिवशी मालिकेतला धाकटा मुलगा आईच्या उशाशी बसून बायकोला कसं फसवलं ते सांगत होता. लांबलचक संवाद होता. निम्म्यावर आला असेल, तेव्हा तिने चादर बाजूला केली आणि उठून बसली.

मुलाचं वाक्य तोंडातच राहिलं. तिने पाय खाली सोडले, पलंगाचा कठडा धरला आणि उभी राहिली.

"मला सगळं ऐकू येतं रे," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "इतकी वर्षं पडून पडून सगळं ऐकतेय मी. आता पुरे."

मुलाचं काम करणारा नट खराखुरा रडायला लागला. वर फळीवर दिवेवाला उठून उभा राहिला. मग सगळा सेट टाळ्यांनी दणाणला.

दिग्दर्शक तरुण होता. धावत येऊन त्याने तिचे दोन्ही हात धरले. "आई, काय दिलंत! असं लिहून येत नसतं. हा आपला शेवटचा सीन. जपून ठेवू, वर्षाने लागो, दोन वर्षांनी लागो." त्याने डोळे पुसले. "आता जरा आडव्या व्हा. याचा क्लोजअप राहिलाय."

त्याच्या मागे दोघं जण चादरीच्या घड्या पहिल्यासारख्या बसवायला लागलेही होते.

तिने गादीकडे पाहिलं. मधोमध तिच्या अंगाचा खळगा पडला होता. ती वळली आणि मेकअपच्या खोलीत जाऊन तोंड धुऊ लागली.

मेकअपवाली पळत आली. "बोलावतायत. काय सांगू?"

"सांग, आई गेली."

"अहो, असं कसं सांगू!"

"सांग. तसंही लागू पडतं."

निर्मात्याने फोनवर थयथयाट केला, कोर्टाचं नाव काढलं. मास्तर बाह्या सरसावून नोटिशीची वाट बघत बसले. नोटीस आलीच नाही. त्याचं कारण चार दिवसांनी टीव्हीवर दिसलं. पलंग तोच, चादर तीच, कॅमेऱ्याकडे पाठ केलेलं पांढऱ्या केसांचं डोकं. आणि मधूनमधून तिच्याच जुन्या चित्रणातले डोळे. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

"काल फार रडलात, आई," भाजीवाला म्हणाला. "जपा हो."

सहा वर्षं तिला वाटत होतं की आपल्यावाचून तो पलंग रिकामा राहील. हे तिने मास्तरांना सांगून टाकलं. तिने मेकअपवालीला फोन केला.

"कोण आहे गं ती?"

"नवीन मुलगी आहे. बिचारी खूश आहे, काम मिळालं म्हणून. पाठ भरून येते म्हणते."

"कमरेखाली टॉवेलची घडी घाल म्हणावं. आणि माशी बसली तर खालचा ओठ किंचित पुढे काढून फुंकर मारायची. कॅमेऱ्याला कळत नाही."

नाटकातली घरमालकीण दुसऱ्या नटीकडे गेली होती. पण नाटकवाल्याला जुनी मैत्री मोडवेना. दुसऱ्या अंकात एक शेजारीण शिडी मागायला येते, तेवढं काम त्याने तिला दिलं. एक वाक्य. तिने त्याची तालीम एखाद्या लांबलचक स्वगताची करावी तशी केली. मास्तरांनी दार उघडून आत येण्याची चाल पुन्हापुन्हा करवून घेतली.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलेलं होतं. तिने दार उघडलं आणि ताठ चालत आत आली.

"आई!" कुणीतरी ओरडलं. "आई चालतेय!"

मग थांबवेल कोण? लोक उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, हुंदके. घरमालकीण झालेली नटी ताटकळत उभी. तिच्या कपाळावर आठी. विंगेतून नाटकवाला खुणा करत होता, बोल, बोल. पण बोललेलं ऐकू जाईल तर ना! तोंडातलं एकुलतं वाक्य सांभाळत ती तशीच उभी राहिली, हात अंगाशी, न हलता, कारण जरा मान हलवली की टाळ्या वाढत. पहिल्या रांगेत मास्तर तेवढे हाताची घडी घालून बसले होते.

अखेर लोक दमले. आवाज खाली आला. तिने घसा साफ केला.

"शिडी आहे का हो तुमच्याकडे?"

पुन्हा सगळे उठले. आई बोलली होती. घरमालकिणीने दिलेलं उत्तर त्या गदारोळात कुणालाच ऐकू गेलं नाही.