अर्धा उतरलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. लोकांच्या वस्तू सांभाळायच्या आणि ज्याने मागितल्या त्याला पाठवायच्या, एवढंच माझं काम. हिंगणघाटात प्रभाकररावांच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत माझी जागा होती. आता मी तिथल्याच माळ्यावर आहे.

माझी सुरुवात १९९९ साली एका सूतगिरणीच्या कचेरीत झाली. तिथे नवी यंत्रं आली तेव्हा प्रभाकररावांनी मला उचललं. त्यांची मुलगी मयुरी वर्ध्याला संगणक शिकून आली होती. फोटो घ्यायला लोकांना लांबून यावं लागू नये म्हणून तिने २००६ मध्ये माझ्यात एक वेबसाइट बसवली. आपला पासवर्ड टाकला की ज्याला त्याला आपल्या लग्नाचे फोटो दिसत. डाउनलोडचं बटण दाबलं की मूळ मोठा फोटो मी तारेवरून पाठवत असे.

पहिल्या दिवशी फोटोऐवजी पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं उमटली. पाठवतोय तो फोटो आहे, मजकूर नव्हे, हे मी समोरच्या संगणकाला सांगतच नव्हतो. मयुरीने मला ते सांगायला शिकवलं. दुसऱ्याच्या घरातले फोटो परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून, मागणाऱ्याचाच तो फोटो आहे का, हे तपासायलाही शिकवलं. दूरदूरचे लोक फोन करून कौतुक करत. मला तेव्हा थकवा ठाऊक नव्हता.

मग वर्षं गेली. दिवसातून कितीदा तरी वीज जाई आणि मी मध्येच धाडकन बंद पडे. पंख्यात धूळ साचली. उन्हाळ्यात अंग भाजून निघे.

"बाबा, याच्यातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा लागते," मयुरी म्हणे.

"चालून राह्यला ना तो. काऊन घाई करतं?" प्रभाकरराव म्हणत.

२००९ च्या मे महिन्यात एका दुपारी जवळच्या गावचे रूपराव आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या, वर्षालीच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते.

"मयुरीबाई, आनंदा गेली," ते म्हणाले. आनंदाबाई म्हणजे त्यांची बायको. "पोरगी सुरतेले आहे. दिवस भरत आले तिचे, डॉक्टर येऊ देत नाई. तिले मायचं तोंड बी पाहाले भेटलं नाई."

"घरी फोटो नाई का, काकाजी?"

"तुमच्याच सीडीत होता. ते खराब झाली."

मयुरीने वर्षालीला फोनवर पासवर्ड सांगितला. तिकडे सुरतेत तिने आईच्या फोटोचं बटण दाबलं आणि मी तो वाचून वरून खाली पाठवायला लागलो. पदर गेला, कपाळावरचं कुंकू गेलं. पुढे फोटो साठवलेली माझी डिस्क अडखळली.

"मायचे डोळे दिसून राह्यले," वर्षाली फोनवर म्हणाली. "खालचं नाई येत."

पुन्हा बटण दाबलं. पुन्हा डोळ्यांपर्यंतच. खाली सगळं करडं. इंटरनेटची लाइन तुटत असेल असं मयुरीला वाटलं. मग तिने तोच फोटो माझ्याच पडद्यावर उघडला. तोही तिथेच थांबला.

"बाबा, लाइनीचं काही नाई. डिस्क गेली याची."

पुढच्या खोलीतला टेबलफॅन प्रभाकररावांनी स्वतः उचलून आणला, माझ्या बाजूचा पत्रा काढला आणि वारा थेट आत सोडला. मयुरीने तीच खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचं काम मला लावलं. जेवढं निघेल तेवढं ती दुसऱ्या संगणकावर जोडत गेली. माझी डिस्क खरखरत होती. थांबावंसं वाटत होतं. समोर फोटो काढायच्या स्टुलावर रूपराव टोपी हातात धरून बसले होते.

संध्याकाळपर्यंत नाक आलं, मग ओठ आले. खालची पट्टी काही केल्या निघाली नाही. मयुरीने तो फोटो त्या दुसऱ्या संगणकावरून सुरतेला पाठवला.

"आला का?" रूपरावांनी विचारलं.

मयुरीने फोन त्यांच्यापुढे धरला.

"आला," वर्षाली म्हणाली. "माय हासून राह्यली. हात नाई आले तिचे."

"राहू दे. हात माह्या ध्यानात आहेत. तू आली का सांगीन तुले."

त्यानंतर मयुरीने माझ्यातलं जमेल तेवढं बाहेर काढलं. बरंचसं निघालंच नाही. मग तिने मला बंद केलं, फडक्याने पुसलं आणि माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, यंत्र चालतं तोवर ते दमलंय हे कोणाला कळत नाही. तुमच्या माणसांचे फोटो, त्यांचे आवाज एकाच यंत्राच्या भरवशावर टाकू नका. ते धडधाकट आहे तेव्हाच त्यातलं मागून घ्या आणि आणखी एखाद्या जागी ठेवा. माझ्या पोटात अजून कितीतरी लग्नं आहेत. कोणी मागायला आलं, तरी आता मला ती देता येणार नाहीत.