प्रेमदासचं चिलखत

"येता का नाई तेवढं सांगा," कमला दारातून म्हणाली. "गाडीचा टाइम झाला."

प्रेमदास अंगणात पोतं अंथरून बसला होता. पुढ्यात चिलखत पसरलेलं. जवसाच्या तेलात बुडवलेली चिंधी तो एकेका ओळीवरून फिरवत होता आणि लोखंडाच्या बारीक कड्या त्याच्या हाताखाली मासळीच्या अंगासारख्या सरकत होत्या. त्याने मान वर केली. कमलाने नीळ घालून धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. काखेत भाकरीचं गाठोडं होतं. तिच्या मागे गल्लीतून सगळी वस्तीच पांढऱ्या कपड्यांत स्टेशनाकडे निघाली होती. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना पाठुंगळी घेऊन. उद्या दसरा. उद्या नागपूरला बाबासाहेब बुद्धाच्या धर्माची दीक्षा घेणार होते आणि जमलेल्या सगळ्यांना देणार होते.

"उद्या संध्याकाळच्या गाडीनं येतो," तो म्हणाला. "परवाही बाबासाहेब तेथीच हायेत. मागून येनाऱ्यायले परवा दीक्षा भेटते म्हंतात."

"अन् नाई भेटली त?"

त्याने चिंधी पुन्हा तेलात बुडवली. कमलाचे वडील चिंधूबुवा काठी टेकत दारापर्यंत आले होते. त्यांनी जावयाकडे पाहिलं, पोत्यावरच्या त्या लोखंडाकडे पाहिलं आणि लेकीला नुसतं 'चाल' म्हणाले. जाता जाता कमला एवढंच बोलली, की चुलीजवळ भाकरी झाकून ठेवली आहे.

प्रेमदास सिंदीच्या एका प्रेसमध्ये फिटर होता. कापसाच्या गाठी दाबणारं यंत्र त्याच्या हाती असे. महायुद्धाच्या वर्षांत तो पलटणीच्या कारखान्यात होता. तिथून सुटून घरी येताना नागपूरला गाडी बदलायची होती, हाताशी वेळ होता, म्हणून तो अजबबंगला, म्हणजे तिथलं म्युझियम, पाहायला गेला. वाघ, साप, दगडी मूर्ती बघत बघत तो एका काचेच्या कपाटापुढे आला आणि तिथेच उभा राहिला. आत एक चिलखत टांगलेलं होतं. अंगरख्यासारखं, पण सगळं कड्यांचं.

त्याचा आजा सांगायचा, की आपले पूर्वज भोसल्यांच्या एका किल्ल्याच्या दरवाज्यावर होते. किल्ला कोणता ते आज्याला ठाऊक नव्हतं. वस्तीत असल्या गोष्टी पुष्कळजण सांगत आणि पुष्कळजण ऐकून सोडून देत. प्रेमदासला मात्र त्या कपाटापुढे वाटलं, की जो माणूस दरवाज्यावर उभा राहत होता त्याच्या अंगावर काहीतरी असणारच. उघड्या छातीने कोणी दरवाजा राखत नाही.

सिंदीच्या आखाड्याची दसऱ्याची लढाई पंचक्रोशीत नावाजलेली. स्टेशनाजवळच्या मैदानात एका बाजूला मराठ्यांची फौज, दुसऱ्या बाजूला मोगलांची. लाकडी तलवारी, लाठ्या, बोथट केलेले दांडपट्टे. मराठे म्हणजे आखाड्यातली पोरं. मोगल म्हणजे महारवाडा, हे ठरलेलं. मार खायचा, पडायचं, धूळ झटकून घरी यायचं. प्रेमदास मोगलांचा सरदार असे. आखाड्याला लागून मारुतीचं देऊळ, त्यामुळे आखाड्यात पाय ठेवायची सोय नव्हती. पट्टा तो बाहेरून, कुंपणाशी उभा राहून शिकला होता आणि आतल्यांपेक्षा काही वाईट फिरवत नव्हता. मराठ्यांची चिलखतं पुठ्ठ्याची असत, वर चांदीचा कागद. घाव बसला की पुठ्ठा फाटे आणि लोक हसत. एका वर्षी एका पोराच्या बरगड्या गेल्या. तेव्हा प्रेमदास आखाड्याच्या प्रमुखांकडे, महादेवरावांकडे गेला आणि म्हणाला, खरं चिलखत बनवून पाहतो.

कापसाच्या गाठी बांधायच्या तारेचे तुकडे त्याने प्रेसमधून मागून आणले. सळईवर तार गुंडाळायची, कापायची, कडीत कडी घालून पकडीने दाबायची. छातीएवढा भाग झाल्यावर तो भुसा-कुटार भरलेल्या पोत्यावर बांधला आणि लाठी हाणली. कड्या उमलून खाली सांडल्या. तो पुन्हा नागपूरला गेला. काचेला नाक लावून बघत बसला, इतका वेळ की पहारेकऱ्याला संशय आला. मग ओळख झाली. तो मोकळीक मिळेल त्या रविवारी जाऊ लागला. एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली, की कड्यांची टोकं चपटी ठोकून त्यांत खसखशीएवढा खिळा मारलेला आहे. पण एका ओळीला खिळा दिसे आणि तिच्या खालच्या ओळीला सांधाच नसे. हे कसं, ते त्याला बरेच महिने उमगलं नाही. एक दिवस प्रेसमध्ये नट आवळताना हातात वायसर आला, मधे भोक असलेली अख्खी चकती, आणि तो तसाच उभा राहिला. एक ओळ पत्र्यातून अख्खी पाडलेली, एक ओळ तारेची.

पुढची वर्षं त्यातच गेली. कमला आधी चिडली, मग तिनेही पकड हातात घेतली. आत घालायची जाड बंडी तिनेच रुई भरून शिवली. शेजारच्या बाया तिला हसत. ती म्हणे, बाकीच्यांचे नवरे दारू पितात, माझा कड्या जोडतो.

दीक्षेच्याच वर्षी, आषाढात, चिलखत पुरं झालं. महादेवरावांनी ते स्वतः आखाड्याबाहेरच्या निंबाला टांगून त्यावर लाठी मारून पाहिली. एक कडी हलली नाही. ते वाईट माणूस नव्हते. प्रेमदासची आई आजारी असताना वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायला त्यांनी आपला छकडा दिला होता. चिलखतावरून हात फिरवत ते म्हणाले, "ज्यानं बनोलं त्यानंच घालावं. यंदा तू आपल्या बाजूनं लढजो, प्रेमदास."

आपल्या बाजूनं. तो घरी आला तो हे शब्द घेऊनच. नागपूरच्या दीक्षेची बातमी त्यानंतर आली. वस्तीत सभा झाली, जायचं ठरलं, आणि दिवस निघाला तोच, दसऱ्याचा.

दसऱ्याच्या सकाळी शस्त्रपूजा असे. महादेवरावांनी निरोप पाठवला, चिलखतही पूजेत मांडू. प्रेमदासने ते धुवट धोतरात गुंडाळून देवळाच्या पायरीपर्यंत नेलं, तिथे एकाच्या हाती दिलं आणि नेहमीसारखा निंबाखाली थांबला. आतून घंटा ऐकू येत होती.

दुपारी मैदानात गर्दी झाली. मोगलांची फौज त्या वर्षी भरेना. वस्ती रिकामी होती. कोणी म्हणालं, मोगल समदे नागपूरले गेले, आणि हशा पिकला. आखाड्यातल्याच काही कुरकुरणाऱ्या पोरांना धरून आणून मोगल म्हणून उभं केलं होतं. प्रेमदास कमलाने शिवलेली बंडी घालून तयार होता. महादेवराव त्याला बाजूला घेऊन गेले. आवाज हळूच होता.

"पूजा झाली आता त्याची. मारुतीपुढे ठेवलेलं हाय. अन् तुमचे लोक त तिकडे देव सोडून राह्यले. मंडळी आयकत नाईत, बाप्पा. मी लई सांगून पाह्यलं."

"मंग कोन घालते?"

"बबन. तू सरदारच राह्य. तुह्याशिवाय ते लढाई दिसत नाई."

बबन म्हणजे त्यांचा पुतण्या. धडधाकट, लाडावलेला. तो चिलखत घालूनच आला. त्याला ते खांद्यांत घट्ट होत होतं, कारण प्रेमदासच्या मापाचं होतं. आखाड्याच्या पोरांनी आतल्या बंडीचं विचारलं, तेव्हा महादेवरावांनी मैदानाकडे तोंड फिरवलं. प्रेमदासनेच बंडी उतरवली आणि देऊन टाकली. तिच्यावाचून घाव हाडाला लागतो, हे त्याला माहीत होतं.

तेव्हा निघून जाता आलं असतं. स्टेशन समोर होतं. एक गाडी उभी होती, टपांवरही पांढरे कपडे दिसत होते, जयभीमचा गजर मैदानावर ऐकू येत होता. तो त्या बाजूला चार पावलं गेलाही. पण चिलखत उन्हात चमकत होतं, आणि घाव घेताना त्याने अजून ते पाहिलं नव्हतं. निंबाला टांगलेलं वेगळं, माणसाच्या अंगावरचं वेगळं. एवढं बघू, मग संध्याकाळची गाडी आहेच, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि मागे वळला. पुढे आयुष्यभर तो हे मागे वळणं आठवत राहिला. महादेवरावांवर तो रागावू शकला, बबनवर रागावू शकला. त्या वळण्याबद्दल कोणावर रागवायचं ते त्याला कळलं नाही.

लढाईत ठरलेलं असे, की सरदाराने थोडा वेळ लढायचं आणि पडायचं. प्रेमदास पडला नाही. त्याने लाठी बबनच्या खांद्यावर मारली, कुशीत मारली, पाठीवर मारली. आधी बेताने, मग जीव खाऊन. कड्या घाव घेत होत्या, पसरवत होत्या आणि परत जागच्या जागी बसत होत्या. एकही उमलली नाही. बबनला काहीच लागत नव्हतं. पहिल्यांदा तो बावचळला होता, पण आपल्याला लागत नाही हे कळल्यावर तो हसू लागला. प्रेमदासला त्या घाईगर्दीतही बरं वाटलं, आपलं काम खरं उतरलं म्हणून. आणि बरं वाटल्याची लगेच शिसारी आली. तेवढ्यात बबनचा पट्टा त्याच्या गळ्याखाली बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याला आतून ऐकू आला. तो गुडघ्यावर आला, मग तोंडघशी पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं हुबेहूब पडणं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

हाड बसवायला नत्थूजी आला. बांबूच्या कांब्या लावून त्याने खांदा बांधला आणि हलू नको म्हणून बजावलं. संध्याकाळची गाडी गेली. अंगात ताप भरला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला, भिंत धरधरून रेल्वेच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथे त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. फाटकवाल्याने त्याला पाणी पाजलं, हात धरून घरी पोचवलं. रिकाम्या वस्तीत कुत्री तेवढी होती.

कमला परतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की ते त्याने लग्नातही पाहिलं नव्हतं. त्याला पाहून ते मावळलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिने हळद गरम करून लावली आणि त्याने विचारलं तेव्हा सांगितलं: माणसांचा अंत नव्हता, सगळे उभे राहिले, बाबासाहेब एकेक प्रतिज्ञा सांगत होते आणि सगळे मागोमाग म्हणत होते. तिला त्यांचा चेहरा नीट दिसला नाही. आवाज मात्र आला.

दोन दिवसांनी आखाड्यातून नारळ आणि प्रसाद आला. कमलाने तो दारातूनच परत पाठवला. चिलखताबद्दल निरोप नव्हता. ते मारुतीच्या देवळात खुंटीला टांगलं होतं. प्रेमदासला ते बाहेरून, निंबाखालून दिसत असे. कोणी तेल लावत नव्हतं.

चिंधूबुवांनी त्याला समजावलं, की दीक्षा कोणीही देऊ शकतो, मीच तुला प्रतिज्ञा सांगतो. प्रेमदास ऐकेना. मुंबईलाही असाच सोहळा होणार असं लोक बोलत होते, डिसेंबरात. हाताची झोळी सुटेल, रजा मागीन, बाबासाहेबांच्याच तोंडून घेईन, असं तो म्हणाला. कमलाने त्याचं पांढरं धोतर धुऊन घडी करून ठेवलं.

डिसेंबर लागला, आणि त्याच आठवड्यात बाबासाहेब गेल्याची बातमी आली.

वर्ध्याला शोकयात्रा निघाली तेव्हा सिंदीची सगळी वस्ती गेली. सेलूची, पुलगावची, नाचणगावची माणसं आली होती. नुसता पायांचा आवाज येत होता. प्रेमदासचा एक खांदा उतरलेला कायमचा राहिला होता. धोतर मात्र पांढरं होतं, त्यामुळे तो सगळ्यांसारखाच दिसत होता. शेजारून हिंगणघाटकडचा एक अनोळखी माणूस चालत होता. तोंड सुजलेलं, रडून रडून आवाज बसलेला.

"तुमी व्हते का, दादा, नागपूरले?" त्याने विचारलं.

"व्हतो," प्रेमदास म्हणाला.

"मीही व्हतो. आपलं नशीब, बाप्पा. पाहाले तरी भेटलं." त्याने प्रेमदासचा हात दाबला, डोळे पुसले आणि पुढे गेला.

कमला बाजूलाच होती. खोटं बोलणार नाही, हीही एक प्रतिज्ञा तिने घेतली होती. तिने ना होकार भरला, ना त्याच्याकडे पाहिलं. बरंच अंतर चालून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आजच्या दिशी तरी नको व्हतं बोलाचं."

प्रेमदास झपझप पुढे निघाला. त्या माणसाला गाठून सांगायचं होतं, मी नव्हतो, मी त्या दिवशी मैदानात होतो. तो दुखरा खांदा सावरत वाट काढत गेला, एकेकाच्या तोंडाकडे वळून बघत गेला. पुढे जिथवर नजर जात होती तिथवर पांढऱ्या पाठी होत्या, आणि सगळ्या सारख्याच.