सहा पुंगळ्या

समजा, तुमचे आजोबा तीन महिन्यांसाठी पुण्याहून दोह्याला आलेत. समजा, त्यांना असं एक काम येतं, जे तुमच्या वर्गातल्या कुणाच्याच आजोबांना येत नाही. आणि समजा, ते काम ते तुमच्या डोळ्यांदेखत खालच्या मजल्यावरच्या मुलीला शिकवताहेत. कुठे दुखेल तुम्हाला? ईराला पोटात दुखत होतं.

ईरा अकरा वर्षांची. तिचे बाबा शहराबाहेरच्या एका नेमबाजी क्लबच्या वर्कशॉपमध्ये होते. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती, पण सगळं दोहा आत्ताच खणून ठेवलं होतं. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या घरून क्लबला जायचा रस्ता दर आठवड्याला बदलायचा.

त्या क्लबात एक फार जुनी रायफल होती. तिची काडतुसं आता कुठेच मिळत नव्हती. श्यामआजोबांनी मात्र तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली होती. ते म्हणाले, "दुसऱ्या रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या आणा. त्यांतून हिच्या मापाच्या काढून देतो."

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं. आजोबा लांब पुंगळी साच्यात दाबून तिचा गळा अरुंद करत आणि वरची जास्तीची लांबी कापून टाकत. दाबलं की पितळ कडक होतं आणि चिरतं, म्हणून मग गळा तापवून मऊ करायचा. त्यासाठी पुंगळ्या पाण्याच्या ट्रेमध्ये उभ्या करायच्या, बूड पाण्यात आणि गळा बाहेर. क्लबच्या वर्कशॉपमध्ये आजोबा बर्नर धरत. गळ्याचा रंग बदलला की खालच्या मजल्यावरची प्रिन्सी लांब सळईने पुंगळी पाण्यात आडवी पाडी. ईराकडे काम होतं ट्रेमधल्या खुणेच्या रेघेपर्यंत पाणी घालत राहायचं.

"आजोबा, पण बूड का नाही तापवायचं?" प्रिन्सीने विचारलं. घरी वसईची आजी असल्यामुळे तिचं मराठी कसं पळायचं; ईराच्या तोंडी मात्र इंग्रजीच यायचं.

"शाब्बास! ईरा, बघ, असं विचारावं माणसाने."

"आय नो, आजोबा," ईरा म्हणाली.

"मग सांग ना!" प्रिन्सी हसली.

ईराने घाईघाईने ट्रेमध्ये पाणी ओतलं. आजोबांनी प्रिन्सीकडे बघतच सांगितलं, "गोळी सुटताना सगळा जोर बुडावर येतो. बूड मऊ पडलं असेल तर ते फुटतं, आणि जळता वायू येतो उडवणाऱ्याच्या तोंडावर."

प्रिन्सीकडे बघत! शनिवारी आजोबा परत जाणार होते, आणि त्यांचे उरलेले दिवसही हिलाच. ईराने पाण्याची बाटली खाली ठेवली ती ठेवलीच. ट्रेमधलं पाणी आटत गेलं, आणि एक पुंगळी बुडापर्यंत लाल झाली.

"अरेरे, गेली ही!" आजोबांनी ती चिमट्याने उचलून रिकाम्या डब्यात टाकली. "बोलत बसलो मी. आमच्या कारखान्यात नियम होता, ज्याच्या हातून माल बिघडला त्यानेच तो चेपायचा, म्हणजे चुकूनही पुन्हा वापरात जायला नको. चल प्रिन्सी, आधी कडक चहा. मग चेपतो."

ईरा चहाला गेली नाही. तिने डब्यातली पुंगळी काढली आणि ओळीतल्या सगळ्यात सुबक पुंगळीच्या जागी ठेवली. ती प्रिन्सीची होती, आजोबांनी तिचं दोनदा कौतुक केलं होतं. प्रिन्सीची पुंगळी तिने डब्यात टाकली. तपासायच्या लोखंडी मापात घालतील तेव्हा अडकेल, मग कळेल शहाणीला!

आजोबांनी परत येऊन डब्यातली पुंगळी न निरखताच व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून चपटी केली. बाकीच्या सहा घासायच्या ड्रममध्ये गेल्या आणि तासाभराने लखलखत बाहेर आल्या. आजोबा एकेक मापात घालू लागले. पहिली बसली. दुसरी बसली. सहाही बसल्या.

"सहाच्या सहा पास!" प्रिन्सी नाचायलाच लागली.

क्लबचे म्हातारे कमालचाचा मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी त्या सहा पुंगळ्यांची डबी डोळ्यांजवळ नेली. "वाह, श्यामभाई! शुक्रवार को पहली गोली मैं चलाऊंगा, इन्शाल्ला." आणि रायफल टेकवावी तसा त्यांनी हात गालाला लावला.

पांढऱ्या दाढीचा गाल. ईराला त्याच्याकडे बघवेना. मापाला लांबीरुंदी कळते, मऊपणा कळत नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिने डबीत वाकून पाहिलं. सहा सारख्या पुंगळ्या. कुठली ती?

"आजोबा," ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "यातली एक खराब आहे. ती जळलेली. मी बदलली. आता मला ओळखता येत नाहीये."

आजोबांनी चष्मा चढवून डबीत पाहिलं.

"माझ्या पुंगळीच्या जागी ठेवलीस?" प्रिन्सीने विचारलं.

ईराने होकारार्थी मान हलवली. पाणीही तिनेच घातलं नव्हतं, तेही तिने सांगून टाकलं. कमालचाचांनी डबी हळूच टेबलावर ठेवली.

ईराने ती उचलली. पहिली पुंगळी व्हाइसमध्ये धरली आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवला. पितळ कुरकुरत चपटं झालं. मग दुसरी. मग तिसरी. सहाव्या पुंगळीला तिने अंगाचा सगळा भार दांड्यावर टाकला, पण तो कुणाला दिला नाही.

मग तिने ट्रे नळाखाली धरला, खुणेच्या रेघेपर्यंत पाणी भरलं, आणि तो प्रिन्सीसमोर आणून ठेवला.