वाघाची झोप

तिने शिलाई मशीनच्या पायडलवरचा पाय उचलला आणि मशीनखालून वाकून बघितलं. कपाटाच्या फटीत वाघ अंग चोरून बसला होता. त्याच्या कुशी भात्यासारख्या वरखाली होत होत्या.

वाघ म्हणजे घरातला ससा. नाव मुलीने ठेवलेलं. चमचा पडला तरी पलंगाखाली पळणाऱ्या प्राण्याला दुसरं कुठलं नाव शोभलं असतं म्हणा.

"अहो, हा परत धापा टाकतोय."

"शर्यत हरल्याचं मनाला लावून घेतलं असेल," नवरा आरशासमोर दाढी करता करता म्हणाला.

तिला हसू आलं नाही. ससा मुलीच्या आईने आणलेला होता, आणि ती आई आता नव्हती. या घरात ही लग्न होऊन आली त्याला फार दिवस झाले नव्हते. मुलगी वाईट वागायची नाही. "तुम्ही जेवलात का" विचारायची, "तुमचा फोन वाजतोय" सांगायची, अगदी पाहुण्यांशी वागावं तसं. अशात वाघाला काही झालं असतं, तर ते हिच्याच हातून झालं असं ठरलं असतं. कुणी बोलून दाखवलं नसतं, आणि तेच तिला जास्त भिववत होतं.

संध्याकाळी सशाची टोपली मांडीवर घेऊन दोघी जनावरांच्या डॉक्टरांकडे बसल्या. डॉक्टरीणबाईंनी वाघाची छाती ऐकली, कान चाचपून पाहिले.

"तोंड उघडून श्वास घेतो का? खाणं सोडलंय?"

"खायला वाघच आहे तो," मुलगी म्हणाली.

"मग काळजीचं कारण नाही. छाती स्वच्छ आहे. सशाचा श्वास मुळातच आपल्यापेक्षा भरभर चालतो. उकाड्याने वाढतो, दुखण्याने वाढतो, तसा भीतीनेही वाढतो. घरात नवीन काय आलंय?"

"मी," ती म्हणाली.

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी वाघाला परत टोपलीत ठेवलं.

"आणि तुमच्याबरोबर?"

"शिलाई मशीन."

"मग तेच. फरशीची थरथर त्याला पायातून कळते. मशीनखाली जाडसर काहीतरी घाला, लपायला खोकं द्या. उचलून कवटाळायला जाऊ नका, त्याच्या मनात येईल तेव्हा तो येईल. मात्र तोंड उघडून श्वास घ्यायला लागला किंवा खाणं सोडलं, तर तसेच उठून इकडे या."

परतताना टोपली मुलीकडेच होती.

"तुम्ही मशीन काढून टाकणार?"

"काढू का?"

मुलीने टोपलीत डोकावून पाहिलं. "डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत."

मशीनखाली जुनी रजई घडी करून गेली. नवऱ्याने बुटांचं खोकं आणलं, त्यात वाघाचं डोकंसुद्धा मावेना, मग पंख्याचं आणलं. ती बेताबेताने शिवायची आणि प्रत्येक टिपेनंतर वाकून त्याच्या कुशी बघायची. हळूहळू तो फटीतून खोक्यात आला, खोक्यातून दारात आला. तरी कुशी बघायची तिची सवय सुटली नाही.

अशाच एका दुपारी मुलीच्या नाटकाच्या झग्याला कड घालताना तिने खाली पाहिलं आणि तिचा हात चाकावरच राहिला. वाघ पायडलशेजारी आडवा पडला होता, पाय लांब सोडून, पोट उघडं टाकून. सदान्कदा हलणारं नाक थांबलं होतं. कुशी धपापत नव्हत्या. ती खाली वाकली, पण त्याला हात लावायचं धाडस होईना. दारात किल्ली फिरली.

"आत येऊ नकोस," ती कशीबशी म्हणाली.

मुलगी आत आलीच. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती गुडघ्यांवर बसली आणि सशाच्या पोटाशी डोळे नेऊन बघत राहिली.

"झोपलाय," ती कुजबुजली.

"अगं, पण श्वास..."

"चाललाय. सावकाश चाललाय, म्हणून दिसत नाहीये. नीट बघा."

तिने बघितलं. पांढरी लव किंचित वर आली, खाली गेली. इतके दिवस ती फक्त धाप शोधत आली होती. ती परत स्टुलावर बसली.

"आई असताना पडायचा असा," मुलगी सशाकडेच बघत म्हणाली. "नंतर नाहीच पडला. माझ्यासमोरपण नाही."

तिने झगा उगाचच सारखा केला. मुलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं.

"तुझाच श्वास बघ किती जोरात चाललाय."

"घाबरले होते गं."

"मशीन सुरू कर ना," मुलगी दप्तर काढून तिथेच फरशीवर टेकत म्हणाली. "आवाज थांबलाय हे कळलं की उठेल तो."

तिने पायडलवर पाय ठेवला आणि राहिलेली कड शिवायला घेतली.